कंबर दुखते? आधी कामाचे टेबल मोजा!

कंबरदुखीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला वय विचारले जाते, वजन विचारले जाते, पडला-झडला होतात का हेही विचारले जाते. ‘आपण काम कशावर करता आणि त्याची उंची किती?’ हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. ज्यांचे पोट घरातल्या कामाच्या टेबलावर चालते, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न खरे तर सर्वांत आधी यायला हवा.

अशी माणसे प्रत्येक गावात, प्रत्येक आळीत आहेत. पडवीत सुतारकाम करणारे, जिन्याखाली मिक्सर-पंखे दुरुस्त करणारे, गॅरेजमध्ये मोटारींचे वाइंडिंग करणारे, कारखान्यातून निवृत्त झाल्यावर घरीच व्हाइस आणि ड्रिल मशीन मांडून बसलेले फिटर. यांची हत्यारे पाहावीत तर निगुतीने जपलेली. पटाशीला धार, करवतीला तेल. टेबल मात्र कोठून आले? मुलाचे अभ्यासाचे जुने टेबल, अडगळीतले डायनिंग टेबल, नाही तर दोन पिंपांवर टाकलेले जुने दार! केंद्र सरकारच्या २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार आदी १८ व्यवसायांतील कारागिरांसाठी हत्यारांच्या खरेदीला १५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ही हत्यारे ज्यावर चालवायची त्या टेबलाची उंची किती असावी, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

कारखान्यातल्या कामगाराची कंबर धरली तर निदान रजेचा अर्ज तरी करता येतो. घरातल्या कारागिराची कंबर धरली की त्या दिवसापासून कमाई बंद. म्हणूनच घरात काम मांडताना टेबलाची उंची, त्याची रुंदी आणि आजूबाजूची मांडणी यांचा विचार करणे हा औषधपाण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

वाकलेल्या पाठीचे गणित

आपल्या कंबरेच्या मणक्यांमध्ये रबरासारख्या लवचिक चकत्या असतात. उभे असताना, बसताना आणि वाकताना या चकत्यांवरचा दाब सारखा बदलत असतो. जर्मनीतील उल्म येथील हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली एका निरोगी स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चकतीत सूक्ष्म दाबमापक बसवून ही मापे घेतली. सरळ उभे असतानाचा दाब १०० मानला, तर उभ्याने पुढे वाकल्यावर तो सुमारे २२० झाला. २० किलो वजन पाठ गोल करून उचलताना तो ४६० पर्यंत गेला. तेच वजन गुडघे वाकवून उचलले तेव्हा ३४० भरला. मापे एकाच माणसाची असली तरी त्यातला अर्थ स्पष्ट आहे. हातात काहीही वजन न घेता नुसते वाकून उभे राहिले तरी चकतीवरचा दाब दुप्पट होतो.

आता हिशेब पाहा. बाजारात मिळणारे डायनिंग टेबल साधारणपणे ३० इंच उंच असते. ते खुर्चीवर बसून जेवण्यासाठी केलेले आहे. ५ फूट ६ इंच उंचीचा माणूस त्याच्यासमोर उभा राहून मिक्सर उघडू लागला, तर त्याचे हात जेथे सहज काम करतात त्या पातळीपेक्षा ते टेबल ८ ते ९ इंच खाली पडते. हे अंतर कोण भरून काढणार? हात काही लांब होत नाहीत. ते अंतर कंबर आणि मान मिळून भरून काढतात. एकट्या डोक्याचेच वजन ४ ते ५ किलो असते आणि मान झुकली की ते पेलण्यासाठी मानेमागचे स्नायू सतत ताणलेले राहतात. दिवसाचे सहा तास, महिन्याचे पंचवीस दिवस असे चालले, तर संध्याकाळी पाठीला मलम चोळून काय साधणार?

कोपर हीच मोजपट्टी

टेबलाची योग्य उंची सर्वांना एकच नसते. ती शोधण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. आपल्या शरीरावरच मोजपट्टी आहे. ती म्हणजे आपले कोपर.

काम करताना घालतो ती चप्पल किंवा बूट घालून भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहा. खांदे सैल सोडा. दंड अंगालगत ठेवून हात कोपरात काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर घरातल्या कोणाला तरी मोजायला सांगा. सर्वसाधारणपणे ते आपल्या उंचीच्या ६३ टक्के भरते. म्हणजे ५ फूट उंचीच्या व्यक्तीचे कोपर सुमारे ३८ इंचांवर, ५ फूट ३ इंचांच्या व्यक्तीचे सुमारे ४० इंचांवर आणि ५ फूट ६ इंचांच्या व्यक्तीचे सुमारे साडेएक्केचाळीस इंचांवर येते. तरीही अंदाजावर न जाता प्रत्यक्ष मोजणेच बरे.

या मापावरून कामानुसार उंची ठरवावी.

नाजूक काम : घड्याळ, मोबाइल, बारीक डाग देणे, कोरीव काम. येथे नजर जवळ लागते. म्हणून कामाची पातळी कोपराच्या २ इंच वर असावी आणि कोपरे टेकायला जागा असावी. घड्याळजींचे टेबल बसणाऱ्याच्या छातीशी येईल इतके उंच असते, ते याच कारणासाठी. ते घड्याळ डोळ्यांजवळ आणतात, डोळे घड्याळाजवळ नेत नाहीत.

हलके काम : जोडणी, स्क्रू बसवणे, वाइंडिंग, पंखा-मिक्सर उघडणे. पातळी कोपराच्या २ ते ४ इंच खाली असावी.

जोराचे काम : रंधा मारणे, पटाशीवर हातोडा मारणे, दाबून बसवणे. येथे अंगाचे वजन वापरता आले पाहिजे, म्हणून पातळी कोपराच्या किमान ८ इंच खाली असावी. जुन्या सुतारकामातला आडाखा असा की ताठ उभे राहून हात सरळ खाली सोडावा आणि पंजा मनगटातून आडवा करावा. तळवा टेबलावर सपाट टेकला की रंध्यासाठी उंची बरोबर. ५ फूट ६ इंचांच्या माणसाला ती ३२ ते ३३ इंचांच्या आसपास येते.

कानशीचे काम : येथे टेबल मोजायचे नाही, व्हाइसच्या जबड्याची वरची कड मोजायची. ती कोपराच्या पातळीत हवी. फिटर मंडळींचा आडाखा ठरलेला आहे. व्हाइससमोर उभे राहून मूठ हनुवटीखाली धरावी, कोपर जबड्यावर टेकले की उंची जमली. व्हाइस स्वतः ६ इंच उंच असेल, तर टेबल कोपरापेक्षा ६ इंच खाली हवे.

एक लक्षात ठेवावे. ही उंची कामाच्या पातळीची आहे, फळीची नव्हे. एक फूट उंचीची मोटार टेबलावर ठेवून तिच्या माथ्यावर काम करायचे असेल, तर टेबल तेवढे खाली लागेल. फार उंच टेबलही वाईटच. त्याने खांदे वर उचलले जातात आणि मान व खांद्यांमध्ये गाठी आल्यासारखे दुखू लागते.

एकच टेबल, तीन कामे

‘आमच्या घरात एक टेबल मावायची मारामार, तीन कोठे ठेवू?’ असे वाचक म्हणतील. ते खरेच आहे. अशा वेळी मुख्य टेबल जोराच्या कामाच्या उंचीचे करावे, कारण खालची पातळी वर आणणे सोपे असते. हलक्या कामासाठी त्यावर ५ ते ६ इंच उंचीचे, चौरंगासारखे मजबूत खोके ठेवावे. नाजूक कामासाठी तसेच दुसरे, १० इंच उंचीचे करून घ्यावे. काम झाले की दोन्ही टेबलाखाली सरकवता येतात.

घरात असलेलेच बुटके टेबल वापरायचे असेल, तर पायांखाली लाकडी ठोकळे द्यावेत. आपल्याकडे पलंगाखाली विटा लावतात तशा सुट्या विटा येथे चालणार नाहीत. कानस मारताना टेबल पुढे-मागे ढकलले जाते आणि वीट निसटते. ठोकळ्यात पाय बसेल असा खळगा करून घ्यावा आणि टेबल भिंतीला पट्टीने जखडावे. हलणारे टेबल स्थिर धरण्यासाठी शरीर नकळत आखडून धरले जाते. हा थकवा कारागिराच्या लक्षातही येत नाही.

वडील आणि मुलगा एकाच टेबलावर काम करत असतील, तर टेबल उंच माणसाच्या मापाने करावे आणि बुटक्या माणसाने पायांखाली लाकडी फळ्यांचा पाट घ्यावा. पाट टेबलाच्या लांबीइतका ऐसपैस असावा. लहान पाटावरून पाय घसरण्याची भीती असते.

हेच गणित स्वयंपाकाच्या ओट्यालाही लागू आहे. भाजी चिरणे हे हलके काम, पोळ्या लाटणे आणि कणीक तिंबणे हे जोराचे. घर बांधताना ओट्याची उंची गवंड्यावर न सोपवता, रोज त्यासमोर उभ्या राहणाऱ्या व्यक्तीचे कोपर मोजून ती ठरवावी.

हाताचा पल्ला आणि पायांची जागा

टेबल जितके रुंद तितके चांगले, असा अनेकांचा समज असतो. भिंतीलगतचे टेबल २ फुटांपेक्षा फार रुंद केले, तर मागच्या वस्तू घेण्यासाठी प्रत्येक वेळी ओणवे व्हावे लागते. कोपर अंगालगत ठेवून हात अर्धवर्तुळात फिरवला की सुमारे १४ ते १६ इंचांचा पट्टा येतो. प्रत्यक्ष काम या पट्ट्यातच चालावे. हात पूर्ण लांबवून २२ ते २४ इंचांपर्यंत पोहोचता येते. त्या टप्प्यात अधूनमधून लागणारी हत्यारे ठेवावीत. नेहमीची हत्यारे समोरच्या भिंतीवर, कंबर आणि खांदा यांच्या दरम्यान टांगावीत. लांबी ४ ते ५ फूट असली तरी एका माणसाला पुरते.

टेबलाखाली पायांचे पंजे जातील अशी ४ ते ५ इंचांची मोकळी जागा हवीच. खाली अगदी कडेपर्यंत कपाट केले, तर पाय मागे राहतात आणि कंबर पुढे झुकते. उभ्याने काम करणाऱ्याने ६ इंच उंचीची आडवी पट्टी किंवा पाट ठेवून त्यावर आळीपाळीने एकेक पाय ठेवावा. कंबरेवरचा ताण हलका होतो. फरशीवर रबरी चटई टाकावी. समोर निदान ३ फूट मोकळी जागा असावी. जागा अपुरी असली की माणूस पावले टाकून वळत नाही, कंबरेतून पीळ देऊन वळतो. वजन हातात असताना असा पीळ बसणे सर्वांत घातक.

जड वस्तू कोठे ठेवाव्यात?

घरोघरी असे दिसते की जड वस्तू जमिनीवर किंवा माळ्यावर आणि रिकामे डबे मात्र हाताशी. हे उलट करावे. मोटार, व्हाइस, ड्रिल मशीन अशा जड वस्तू मांडी ते कंबर या उंचीच्या फळीवर ठेवाव्यात. म्हणजे त्या उचलायच्या नसतात, सरकवायच्या असतात. हलके सामान वर, क्वचित लागणारे खाली.

प्लायवूडचा ८ फूट बाय ४ फुटांचा, १८ मिलिमीटर जाडीचा पत्रा ३० ते ३५ किलो भरतो. तो एकट्याने उचलून घरात फिरवणे म्हणजे कंबरदुखीला आमंत्रण. शिवाय ८ फुटांचा पत्रा यंत्रावर कापायला पुढे-मागे मिळून १६ फुटांची जागा लागते. ती आपल्या घरात नसते. त्यापेक्षा दुकानातच मापाने कापून घ्यावा. दरवाजा, कच्चा माल, कापण्याची जागा आणि टेबल हे शक्यतो एका ओळीत ठेवावे. त्यामुळे वजन उचलून फिरण्याचे अंतर कमी होते.

उजेड, धूळ आणि आवाज

टेबलाची उंची अचूक असली तरी उजेड कमी असेल तर माणूस वाकणारच, कारण त्याला दिसत नाही. वय वाढते तशी बाहुली लहान होते आणि डोळ्यांतले भिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या डोळ्यांतील पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. म्हणून निवृत्तीनंतर काम सुरू करणाऱ्यांनी टेबलावर वेगळा दिवा लावावाच. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी तो डाव्या बाजूला घ्यावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. चोक असलेल्या जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्या उजेडात वेगाने फिरणारे चाक कधी कधी थांबल्यासारखे भासते. फिरत्या यंत्राजवळ तेवढाच एक दिवा ठेवू नये.

लाकडाच्या धुळीकडे ‘भुसाच तर आहे’ म्हणून दुर्लक्ष करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातली. नाक आणि त्यालगतच्या पोकळ्यांना हा धोका असतो. रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. एन-९५ प्रतीचा मुखवटा वापरावा, यंत्र खिडकीजवळ ठेवावे, भुसा ओला करूनच झाडावा. डाग देताना राळेचा धूर निघतो, त्याने दमा जडू शकतो. लहान पंखा लावून तो धूर तोंडापासून बाजूला न्यावा. या कामात शिसेही असते, म्हणून टेबलावर चहा-फराळ नको. साबणाने हात धुतल्याशिवाय लहान मुलांना जवळ घेऊ नये.

ग्राइंडरचा आवाज अनेकदा १०० डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास चालतो, १०० डेसिबल मात्र फक्त १५ मिनिटे. कानात बोळे आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय ग्राइंडर सुरूच करू नये. डोळ्यांत कण गेलाच तर चोळू नये, काडीने काढू नये. स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

जमिनीवर बसून काम करणाऱ्यांसाठी

आपले सुतार, सोनार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून काम करत आले. ही पद्धत सरसकट वाईट म्हणता येणार नाही. परंतु चाळिशीनंतर गुडघे कुरकुरू लागले, तर हट्ट धरू नये. ६ ते ८ इंच उंच पाटावर किंवा जाड उशीवर बसावे, काम मांडीवर न घेता बुटक्या चौरंगावर घ्यावे आणि बैठक वारंवार बदलावी. कामाची पातळी येथेही कोपरावरूनच ठरवावी.

दुखू लागलेच तर

आदर्श उंचीच्या टेबलावरही तासन्‌तास एकाच स्थितीत राहणे वाईटच. दर अर्ध्या तासाने हत्यार खाली ठेवावे, कंबरेवर हात ठेवून चार-पाच वेळा सावकाश मागे झुकावे आणि थोडे चालावे. मागे झुकताना पायात कळ जात असेल किंवा चक्कर येत असेल, तर हे करू नये.

कंबर धरली की आठवडेच्या आठवडे झोपून राहण्याचा सल्ला पूर्वी दिला जाई. आता तो मागे पडला आहे. साध्या कंबरदुखीत झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवणेच हितावह असते. कंबरेचा पट्टा बांधला की आपण सुरक्षित, हाही गैरसमज आहे. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी संस्थेने १९९४ साली या पट्ट्यांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांनी इजा टळते असा पुरावा आढळला नाही.

काही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत. पायाला मुंग्या येऊन तो बधिर किंवा लुळा पडणे, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, दुखण्यासोबत ताप किंवा वजन घटणे, रात्री विश्रांतीतही न थांबणारी वेदना यांसाठी लवकर डॉक्टरांना दाखवावे. लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा त्या जागेची संवेदना जाणे, हे दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कपडे शिवताना आपण अंगाचे माप देतो. चप्पल घेताना पाय घालून पाहतो. ज्या टेबलापुढे आयुष्याची वीस-वीस वर्षे जातात, ते मात्र जसे मिळेल तसे चालवून घेतो. येत्या सुट्टीच्या दिवशी एक फूटपट्टी घ्या, आपले कोपर मोजा आणि टेबल मोजा. दोन्हींत अंतर पडले, तर लाकडाचे चार ठोकळे किंवा एक खोके यांत ते भरून निघेल. तेच अंतर कंबरेने भरून काढायचे ठरवले, तर त्याची किंमत फार मोठी होते.